आवाहन : गोठ्यातली पेंड टाकून द्यावी लागली

सप्रेम नमस्कार.

गोरेगावच्या आपल्या गोठ्याविषयी नव्याने काय सांगायचं! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री चाळीतल्या पोरांनी कंबरभर पाण्यातून एकोणीस जनावरं शाळेच्या पडवीत नेली. एकही दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी शेण काढायला शाळेच्या बाई स्वतः झाडू घेऊन उभ्या होत्या. पुढे गॅरेजवाल्या काकांनी छपराचे पत्रे दिले, दूध केंद्रावरच्या मावशींनी गव्हाणी बांधून दिल्या. आणि आपले मास्तर! दर एक तारखेला पेन्शन घेऊन आधी गोठ्यावर यायचे, मग घरी. त्यांच्यामागे ती जागा रिकामीच आहे.

या वेळी संकट पेंडीचं आहे. श्रावणात घेतलेल्या शेंगदाणा पेंडीची गोणी उसवली तर आत हिरवट-पिवळी बुरशी, हात घातला तर पेंड चक्क कोमट. त्याआधीच्या गोण्या जनावरांनी आठवडाभर खाल्ल्या होत्या. गाभण कालवडीने गव्हाणीवरून तोंड फिरवलं, दोघींचं रवंथ मंदावलं, एक वासरू गेलं. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले आपले गुरांचे डॉक्टर एक पैसा न घेता तीनदा आले. "आधी पेंड दाखवा" हे त्यांचंच. खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ (बुरशीतून तयार होणारं विष) किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. आपल्या नमुन्यात त्याच्या कितीतरी पट निघालं. व्यापारी म्हणाला, पावसाळ्यात व्हायचंच. चूक आमचीही आहे. गोण्या फरशीवर, भिंतीला टेकून रचल्या होत्या.

१९६० साली इंग्लंडात ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष उजेडात आलं. बुरशी झटकली, पेंड उन्हात घातली, तरी विष आतच राहतं. दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं आणि दूध उकळून जात नाही. म्हणून दोन गाईंचं दूध सध्या ओतून देतो आहोत. बादली मोरीत रिकामी करताना गडी मान फिरवतो.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहितोच. श्रावणी सोमवारी फाटकाला पिशव्या टांगलेल्या असतात : आठवड्याच्या पोळ्या, बुरशी धरलेला पाव. गोग्रास म्हणून! जे आपण ताटात घेणार नाही ते गाईपुढे नको. त्याच फाटकावर गेल्या वर्षी दानपेटी ठेवली होती, त्यात १४० रुपये आणि बसचं एक तिकीट निघालं. गणपतीच्या वर्गणीपाठोपाठ पुन्हा दारात येतोय हे कळतं, पण गोठ्यात आता चार दिवसांचाच कडबा आहे.

हवं ते : सुका कडबा, गोळी पेंड (बंद गोणी, तारीख पाहून), लाकडी पॅलेट १२, ताडपत्री २, ओलावा मोजायचं यंत्र १. रोख किंवा मंडळाच्या नावे चेक, कार्यालयात संध्या. ७ ते ८.३०, रविवारी सकाळीही. पावती मागून घ्या. रविवारी कोठी धुऊन चुना मारायचा आहे, १० माणसं लागतील, जुने कपडे घालून या.

आपला,
चिटणीस

ता. क. कुणाचा टेम्पो अर्धा दिवस मिळाला तर जुन्या गोण्या हलवता येतील. त्या अजून मागच्या अंगणात बांधून ठेवल्या आहेत. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.