घंगाळाचे वजन साडेनऊ किलो कसे झाले, याबाबत तक्रार

दिनांक : 3 नोव्हेंबर 2025
तांबट आळी, कसबा पेठ, पुणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन दुकान व शिपिंग सेवा विभाग

विषय : शिपिंग खर्चाचा चुकीचा अंदाज दाखवून वॉलेटमधून परस्पर कापलेली रक्कम परत मिळणे आणि अंदाजपत्रक दुरुस्त करणे.

महोदय / महोदया,

गेल्या जूनपासून आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे छोटे दुकान तुमच्या सेवेवर चालते. सासरे आणि दीर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्यावर टिपके उठवण्याचे काम, करतात. फोटो काढणे, ऑर्डर घेणे, बांधाबांध आणि कुरिअर हे माझ्याकडे. ठोकणाऱ्यांचे काम चोख आहे. तक्रार आहे ती माझ्या वाटणीच्या कामाची, म्हणजे तुमच्या शिपिंगच्या हिशोबाची. कस्टमर केअरकडे तक्रारीची तीन तिकिटे टाकून झाली. तिन्हींना एकच छापील उत्तर आले, म्हणून हे सविस्तर पत्र.

26 सप्टेंबरला नागपूरहून एका घंगाळाची, म्हणजे आंघोळीच्या पाण्याच्या पसरट तांब्याच्या भांड्याची, ऑर्डर आली. तुमच्या वस्तू-नोंदणीच्या पानावर एकच रकाना सक्तीचा आहे, ‘वस्तूचे वजन’. लांबी, रुंदी, उंची यांपुढे ‘ऐच्छिक’ असे लिहिले आहे. घंगाळ काट्यावर ठेवले, 2 किलो 100 ग्रॅम भरले, तेवढेच लिहिले. तुमच्या गणकयंत्राने अडीच किलोचा स्लॅब (दराचा अर्ध्या-अर्ध्या किलोचा टप्पा) धरून 200 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 236 रुपये दाखवले. ग्राहकाने ते भरले, मी माल रवाना केला. 4 ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, ‘वजन तफावत’ या नावाचा ईमेल आला आणि वॉलेटमधून आणखी 627 रुपये 76 पैसे गेलेले दिसले. कुरिअरच्या लेखी माझे घंगाळ साडेनऊ किलोचे होते!

आधी वाटले, दुसऱ्या कोणाचे पार्सल माझ्या नावावर पडले. मग दिराने टेप आणून मोजायला लावले तेव्हा कळले. कुरिअर कंपनी खरे वजन आणि आकारमानाचे वजन या दोघांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेते. आकारमानाचे वजन म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला 5000 ने भागायचे. आमचे घंगाळ कड्यांसकट 36 बाय 36 बाय 20. नुसत्या घंगाळाचाच हिशोब केला तर 5.18 किलो येतात. पण नुसते घंगाळ कोणी कुरिअरला देत नाही. तांबे मऊ असते, कोपऱ्याला धक्का बसला की पोचा पडतो आणि मठारलेल्या टिपक्यांवर पडलेला पोचा काढता येत नाही. म्हणून चारी बाजूंनी, वर आणि खाली तीन-तीन सेंटिमीटर चिंध्या, रद्दी, बबल रॅप. खोका झाला 42 बाय 42 बाय 26. आता भागा 5000 ने. 9.17 किलो, म्हणजे साडेनऊचा स्लॅब. तीन सेंटिमीटरच्या रद्दीने चार किलो वाढवले, आणि त्यात रद्दी कमी, हवाच जास्त.

हा नियम कुरिअरचा आहे आणि त्यावर माझा आक्षेप नाही. ट्रकमध्ये जागा अडते ती अडतेच. माझा आक्षेप तुमच्या रकान्यावर आहे. जो आकडा बिल ठरवतो तो तुम्ही ‘ऐच्छिक’ ठेवला, जो आकडा बहुतेक वेळा बिल ठरवत नाही तो सक्तीचा केला, आणि वर प्रश्नचिन्हावर बोट ठेवले की मजकूर येतो, “फक्त वस्तूचे वजन टाका, बाकी आम्ही बघतो.” बाकी तुम्ही खरेच बघितलेत, माझ्या वॉलेटमध्ये हात घालून.

यावर तुमच्या प्रतिनिधीने फोनवर उपाय सुचवला, “मॅडम, सगळा माल आधीच खोक्यात भरून ठेवा, मग माप पक्के राहील.” त्यांचा राग नाही, त्यांनी आमची जागा पाहिलेली नाही. वाड्यातल्या दोन खोल्यांत साठ-सत्तर नग असतात. ते एकात एक रचले तर एका भिंतीला मावतात. खोक्यात घातले तर आम्ही कुठे झोपायचे? शिवाय तांबे बंद खोक्यात पावसाळाभर ठेवले की डाग धरते, पाठवण्याआधी चिंच-मिठाने घासायचे ते बाहेरच काढावे लागते. आळीत येणारे गिऱ्हाईक भांडे वाजवून पाहिल्याशिवाय घेत नाही. आणि खोके आम्ही छापून घेत नाही, पंख्याच्या, मिक्सरच्या दुकानातून मिळतील ते आणतो. तेव्हा आमचा माल सुटाच राहणार. तो खोक्यात जातो ऑर्डर आल्यावर, आणि कोणत्या खोक्यात जाणार हे ठरते सोबत काय काय मागवले आहे त्यावर.

तरीही तुमचे ऐकून मी 5 ऑक्टोबरला बसून प्रत्येक नगापुढे खोक्याचे माप भरले. दोन रात्री गेल्या. त्यानंतर जे झाले ते पहिल्यापेक्षा वाईट.

कल्हईच्या पाच पातेल्यांचा संच आहे. सर्वांत मोठे पातेले 28 सेंटिमीटरचे. पाचही एकात एक बसतात, मध्ये कागदाची चकती घालायची आणि 34 बाय 34 बाय 22 च्या एका खोक्यात सगळा संच. आकारमानाचे वजन 5.09 किलो, साडेपाचच्या स्लॅबने जीएसटीसह 505 रुपये. हा झाला खरा खर्च. पण संचाऐवजी कोणी पाच पातेली एकेक करून टोपलीत टाकली, तर तुमचे गणकयंत्र पाच वेगवेगळे खोके धरते. पाचही बेरजेला घेतले की 16.91 किलो, सतराचा स्लॅब, 1,536 रुपये. अकोल्याच्या एका बाईंनी हेच केले. त्यांनी फोन केला, “ताई, दीड हजार पाठवणीचे? तेवढ्यात मी रेल्वेने पुण्याला येऊन, तुमच्याकडे चहा पिऊन, भांडी घेऊन परत जाईन.” मी समजावेपर्यंत त्यांनी टोपली रिकामी केली होती. धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा, तांब्या-पितळेच्या माणसांसाठी वर्षातला सर्वांत मोठा. त्या आठवड्यात आणखी किती जण फोन न करताच गेले, ते मोजायला माझ्याकडे काही साधन नाही.

म्हणजे माप भरले नाही तर मी बुडते, माप भरले तर गिऱ्हाईक पळते.

तिसरी गोष्ट थोडक्यात. माप भरल्यानंतरच्या घंगाळाच्या चार ऑर्डरींवर पुन्हा तफावत लागली, प्रत्येकी 134 रुपये 52 पैसे. कुरिअरच्या हबवरच्या, म्हणजे पार्सले जमा होतात त्या केंद्रावरच्या, यंत्राने माझा 42 बाय 42 बाय 26 चा खोका 44 बाय 44 बाय 28 मोजला. जुने खोके चिकटपट्टी ताणली की पोटात फुगतात, आणि चारपैकी दोन फुगले होते हे मला मान्य आहे. उरलेल्या दोन खोक्यांचे टेप लावलेले फोटो सोबत जोडले आहेत. हबवरचा फोटो मी मागितला तर ‘सात दिवसांची मुदत संपली’ असे उत्तर आले. मुदत ईमेलच्या तारखेपासून धरली, आणि ईमेल दिवाळीच्या गर्दीत जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडलेला.

आता मागणी. 4 ऑक्टोबरपूर्वी नोंदवलेल्या सात ऑर्डरींवर तफावतीपोटी 3,846 रुपये कापले आहेत. त्या सातही ऑर्डरींवर शिपिंगचा आकडा तुमच्याच गणकयंत्राने ग्राहकाला दाखवला होता. ती रक्कम पूर्ण परत करावी. नंतरच्या चारपैकी ज्या दोन खोक्यांचे फोटो मी दिले आहेत, त्यांचे हबवरचे फोटो दाखवावेत किंवा 269 रुपये 4 पैसे परत करावेत. फुगलेल्या दोघांचे मी मागत नाही.

आणि रकाने बदलावेत. सुट्या मालासाठी नुसत्या वस्तूचे माप विचारा, भोवती किती भराव लागतो ते विचारा, एकात एक बसते का ते विचारा, आणि दुकानदाराकडे कोणत्या मापांचे खोके आहेत त्याची यादी घ्या. मग टोपलीतल्या वस्तू कोणत्या खोक्यात मावतात ते तुमच्या यंत्राला ठरवू द्या. हे अवघड असेल असे मला वाटत नाही. सध्या मी तेच एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने करते. सात खोके, त्यांची मापे, आणि कोणते भांडे कशात. गेल्या पंधरा दिवसांत माझा अंदाज एका स्लॅबपेक्षा जास्त चुकलेला नाही.

ई-कॉमर्सविषयीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. मी विक्रेती आहे, ग्राहक नाही, असे तुमचे म्हणणे असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातले स्पष्टीकरण पाहावे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू त्यात व्यापारी हेतूची धरलेली नाही, आणि सेवेलाही तेच लागू व्हावे असे माझे म्हणणे आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण दुकानाचे फोटो, ग्राहकांचे अभिप्राय, सगळे तुमच्याकडेच आहे आणि पुन्हा सगळे उभे करायला माझ्याकडे तेवढ्या रात्री नाहीत.

सोबत : अकरा ऑर्डरींची यादी, वॉलेटचा उतारा, तीन तिकिटांची उत्तरे, खोक्यांचे फोटो.

एक तातडीचे. तुळशीची लग्ने लागली की आमच्याकडे रुखवताच्या ऑर्डरी सुरू होतात. आज सकाळीच सोलापूरहून विचारणा आली आहे, दोन घंगाळे, एक कळशी आणि पाण्याचा बंब. घंगाळे एकात एक बसतात, कळशी वरच्या घंगाळात बसते, बंब कशातच बसत नाही. तुमचे गणकयंत्र चार खोके धरून बसले आहे. पाठवणीचा खर्च किती सांगू, ते कृपया कळवावे. पार्टी शुक्रवारपर्यंत थांबणार आहे.

आपली,
एक दुकानदार-ग्राहक
(नाव, खाते क्रमांक व दूरध्वनी सोबतच्या अर्जात)