हप्ता मी भरतो म्हणालास, त्यावरून

सातारा,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मेडिक्लेमचा हप्ता मी भरतो, विषय संपला." विषय संपला असता तर मी कागद-पेन घेऊन बसले नसते. फोनवर तुला आकडे सांगायला गेलं की तू "हं, हं" करतोस आणि मागून तुझ्या लॅपटॉपचा टुणटुण आवाज येत राहतो. म्हणून लिहितेय. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवीन, पण बसून वाच. लिफ्टमध्ये नको.

१२ डिसेंबरला रिन्यूअल आहे. नोटीस आली ती ५१,०८५ रुपयांची. गेल्या वर्षी आपण ५४,८०० भरले होते. हे बघून तुझे बाबा एकदम खूश. "जीएसटी गेला, हप्ता उतरला," म्हणाले आणि पेपर घेऊन गच्चीत जाऊन बसले. मी पेन्सिल घेतली. गेल्या वर्षीच्या ५४,८०० मध्ये मूळ हप्ता ४६,४४१ आणि १८ टक्क्यांनी कर ८,३५९. २२ सप्टेंबरपासून घरगुती पॉलिसीवरचा कर शून्य झाला. मग नोटीस ४६,४४१ ची यायला हवी होती ना? आली ५१,०८५ ची. फरक ४,६४४, म्हणजे बरोबर दहा टक्के. सरकारने सोडलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त कंपनीने परत उचलले आणि आपल्याला वाटतंय की स्वस्ताई आली. कर गेला तो एकदाच गेला. दहा टक्के मात्र पुढच्या डिसेंबरला पुन्हा येणार, त्याच्या पुढच्याही.

हे दहा टक्केच का, तेही वाचनालयात बसून शोधलं. जानेवारीत विमा नियामकाने सांगितलं की साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. आदेश चांगलाच आहे, नाहीतर २०२३ ला आपल्याला एकदम दहा हजारांचा दणका बसला होता तो आठव. पण त्यांनी घातली मर्यादा, आणि आमच्या कंपनीने तोच भाव धरला. मंडईत भेंडी साठच्या वर विकू नका म्हणून पाटी लावली, तर पन्नासला कोण देणार?

आता आमचा जमाखर्च. तुला कधी नीट सांगितला नाही, तूही कधी विचारला नाहीस. बाबांची ईपीएफची पेन्शन महिन्याला ३,१४० रुपये, २०१७ साली सुरू झाली तेव्हा जेवढी होती तेवढीच. पोस्टात सिनिअर सिटिझन योजनेत २० लाख, ८.२ टक्क्यांनी. तिमाहीला ४१,००० येतात. माझ्या शिवणाचे थोडेफार, ते धरत नाही, कारण डोळे कधी संप करतील सांगता येत नाही. म्हणजे आमचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या वर जेमतेम. हप्त्याला एका तिमाहीचं सगळं व्याज जातं आणि वर दहा हजार जातात. तीन महिने आम्ही विमा कंपनीसाठी जगतो, असं तुझे बाबा म्हणतात. २०१६ साली पॉलिसी काढली तेव्हा हप्ता १९,७०० होता आणि बाबांचा पगार चालू होता, त्यामुळे तेव्हा तो बोचला नाही. विम्याची गंमत अशी की पगार असतो तेव्हा हप्ता लहान, आणि पगार थांबला की हप्ता वाढीला लागतो. आणि आमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे दोघांच्या एकत्र पॉलिसीत, हप्ता ठरतो घरातल्या मोठ्याच्या वयावर, म्हणजे माझा भाग बाबांच्या सहासष्टीने मोजला जातो.

बाबांचं म्हणणं पॉलिसी बंद करावी. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर नऊ वर्षांची बेरीज मांडलीय: भरले २,८०,९००, मिळाले १,१३,०००. "हे पैसे पोस्टात असते तर," असं सुरू झालं की मी कुकर लावायला उठते. तरी त्या १,१३,००० बद्दल तुला सांगायचंय, कारण तो धडा आपण तिघांनी मिळून घेतला.

२०२२ मध्ये पुण्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारायच्या आधी "मेडिक्लेम आहे का?" हे विचारलं. आणि तू हट्ट धरलास, आईला सिंगल रूमच पाहिजे. रूम होती ७,५०० ची. आपल्या पॉलिसीत रूमची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, पाच लाखांवर ५,०००. आपल्याला वाटलं, फार तर रोजचे अडीच हजार वरचे आपण देऊ, चार दिवसांचे दहा हजार. पण तसं नसतं रे. रूम दोन-तृतीयांशच बसते म्हटल्यावर सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच दोन-तृतीयांश केलं त्यांनी. ते ७२,००० होते, धरले ४८,०००. रूमचे ३०,००० चे २०,०००. औषधं आणि तपासण्यांचे ४५,००० पूर्ण दिले. ग्लोव्ह्ज, मास्क, सिरिंज असल्या किरकोळीचे १५,००० सरळ काढून टाकले. १,६२,००० च्या बिलात आपल्या खिशातून गेले ४९,०००. कंपनीने फसवलं असं म्हणवत नाही, पॉलिसीच्या कागदात ते लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तू मायेने घेतलेली ती खोली आपल्याला केवढ्याला पडली ते मात्र तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतेय ते एवढ्याचसाठी की पुढच्या वेळी मला किंवा बाबांना ॲडमिट करायची वेळ आली तर आधी मर्यादा बघायची आणि मग खोली. दोघांत एक पडदा असला तरी मला झोप लागते.

मग बंद का करत नाही? त्याला एक कारण आहे आणि ते मी बाबांच्या माघारी लिहितेय. २०१६ ला फॉर्म भरताना एजंट म्हणाला होता, बाबांची बीपीची गोळी लिहू नका, उगाच प्रश्न वाढतात. आणि आपण नाही लिहिली. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस माझ्या पोटात त्या टाक्यांपेक्षा तोच गोळा जास्त होता. बाबांना हृदयाचं काही झालं असतं आणि त्यांनी जुने कागद मागितले असते तर? आता नियम असा आहे की सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, सरळ फसवणूक सिद्ध झाली तरच. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाचावर आणली. आपली नऊ झाली. बाबांच्या बेरजेत हे कुठेच धरलेलं नाही. २,८०,९०० मध्ये आपण ही नऊ वर्षंही विकत घेतलीत. आज बंद केली आणि दोन वर्षांनी नवी काढायला गेलो, तर मोजणी पहिल्यापासून, आणि सहासष्टीतल्या बीपीवाल्याला कोण किती भावाने घेईल? २०२४ पासून पासष्टीच्या पुढच्यांनाही पॉलिसी काढता येते, वयाची अट काढली. पण नियमाने दार उघडं असलं तरी आत घ्यायचं की नाही ते कंपनीच ठरवते. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचंही बघितलं. रिन्यूअलच्या निदान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, ती तारीख गेली. आणि तिथेही आधी तब्येत बघणारच.

तू म्हणालास, तू भरलास तर तुझा कर वाचेल. बाळा, तू नव्या करपद्धतीत गेलायस ना? त्यात आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची, ती ८०डीची, सवलतच नाही. आई-वडिलांच्या हप्त्यावर पन्नास हजारांपर्यंत सूट आहे ती जुन्या पद्धतीत. आमच्यावर कर बसतच नाही, त्यामुळे आमच्या हातात असली काय नसली काय. म्हणजे तू भरलेले ५१,०८५ हे तुझ्या घराच्या हप्त्यातून आणि चिमणीच्या शाळेतून गेलेले निव्वळ ५१,०८५. हे तू बघितलं नव्हतंस, मला माहितेय, कारण तू बाबांचा मुलगा आहेस.

तुला पैसे घालायचेच असतील तर स्वतःच्या पॉलिसीत घाल. ऑफिसने दिलीय म्हणतोस. ती ऑफिसची आहे, तुझी नाही. नोकरी सुटली त्या दिवशी ती सुटते, आणि तुमच्यात नोकऱ्या कशा सुटतात ते मी तुझ्याच तोंडून ऐकते, सकाळी मेल आणि दुपारी लॅपटॉप जमा. तू छत्तीसचा आहेस. आज तिघांची वेगळी पॉलिसी काढलीस तर आधीच्या आजारांचा खर्च मिळायला थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. ऑफिसच्या पॉलिसीच्या आडोशाने ती तीन वर्षं सुखाने निघून जातील. गेल्या वर्षी तुझी साखर जरा वर आली होती, ती फॉर्मवर लिही. एजंट काहीही म्हणो. दोन पैसे जास्त जातील, पण तो गोळा पोटात राहणार नाही.

आमचं मी काय ठरवलंय ते ऐक. या वर्षीचा हप्ता ऑक्टोबरच्या व्याजातून बाजूला ठेवलाय, दहा हजार शिवणाच्या डब्यातून. जानेवारीपासून महिन्याला ४,७०० बँकेत वेगळे टाकणार, म्हणजे पुढचा डिसेंबर आपोआप उभा राहील. आणि एक रेघ आखलीय. दहा टक्क्यांनी वाढत गेला तर हप्ता २०३० ला ८२,२७३ होतो. पोस्टाचं वर्षाचं व्याज १,६४,०००. म्हणजे त्या डिसेंबरला निम्मं व्याज ओलांडलं. (आणि ते व्याजसुद्धा २०२८ ला ठेव पुरी होईपर्यंतच याच दराने.) त्या रेघेच्या पुढे आम्ही ही पॉलिसी अशीच ओढणार नाही. तेव्हा बाबा एकाहत्तर वर्षांचे असतील. सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाख, उत्पन्न कितीही असो, मेडिक्लेम असला तरी. मी सदुसष्टची असेन, मला ते नाही. मग बाबांनी कार्डावर जायचं आणि पॉलिसीत मी एकटीने राहायचं. हे बाबांनीच सुचवलं. म्हणाले, "मी सरकारी, तू खासगी." हसले, पण मला ते हसू आवडलं नाही.

मधल्या काळासाठी सिव्हिलमध्ये जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी मोफत उपचार योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटून आले. आपलं पांढरं रेशनकार्ड बघून मला वाटलं, हा आपल्याला वाटेला लावणार. पण महात्मा फुले योजना २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही आहे, आणि दीड लाखाचे पाच लाख झालेत. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात आपल्यासारख्या लोकांना मधले, सुटलेले लोक म्हटलं होतं: गरिबांच्या योजनेत बसत नाहीत आणि खासगी विमा झेपत नाही, असे निदान चाळीस कोटी. निदान कागदावर तरी महाराष्ट्रात आता ती फट बुजवलीय. पण यादीतले उपचार, यादीतलंच रुग्णालय, आणि रात्री अडीचला छातीत दुखायला लागलं तर यादी कोण बघणार? म्हणून योजनेच्या यादीतली साताऱ्यातली रुग्णालयं मी आत्ताच लिहून फ्रीजवर चिकटवलीत. आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सही त्याच मॅग्नेटखाली.

तुझ्या वर्गातल्या पोरीचे बाबा, पलीकडच्या गल्लीतले, तुला आठवत असतील. त्यांचं बायपास झालं, विमा नव्हता. गावाकडचं अर्धा एकर गेलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते बाबांना म्हणाले, "जमीन गेली त्याचं नाही, पोरगी नको म्हणत असताना तिचं लग्नाचं सोनं गेलं." घरी येताना बाबा राजवाड्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आल्यावर त्यांनी वहीतलं ते मागचं पान फाडलं नाही, पण बंद करायचं म्हणणं थोडं मवाळ झालंय.

एक राग मात्र जात नाही. पेपरात वाचलं की २०२३-२४ मध्ये नुसता आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांनी शंभर रुपये हप्त्यामागे पासष्टच्या आसपास क्लेममध्ये दिले, आणि सरकारी कंपन्यांनी शंभराहून जास्त. आपली पहिल्या जातीतली. मग पस्तीस रुपये कुठे जातात? जाहिरातीत हसणाऱ्या त्या आजी-आजोबांकडे? बरं, सरकारी कंपनीत तरी हप्ता वाढत नाही का, तर तिथेही वाढतो, कारण दवाखान्याच्या बिलाला वर छप्परच नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुझ्याकडे असेल तर लिही.

नाताळच्या सुट्टीत येणार आहात ना? सूनबाईंना सांग, स्वेटरच्या बाह्या झाल्यात, गळा चिमणीला घालून बघून करीन. तू येशील तेव्हा अर्धा तास पॉलिसीची पिवळी फाइल बघायची, पान सातवरचे नियम मी पेन्सिलने खुणावलेत. फाइल दिवाणात, लग्नाच्या अल्बमखाली.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी हे पत्र वाचलं. बीपीच्या गोळीचा परिच्छेद वाचून म्हणाले, "हे तुला इतकी वर्षं खात होतं?" आणि चहा टाकायला गेले. साखर घालायला विसरले, पण टाकला.