हळू चालवायला शिकवू म्हणालात, शिकवलं नाहीत

प्रति,
व्यवस्थापक,
मोटरसायकल प्रशिक्षण विभाग

विषय: नवशिक्यांच्या वर्गात कमी वेगातला सराव न घेतल्याबद्दल आणि क्लच सैल असलेली गाडी दिल्याबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्या दोन दिवसांच्या नवशिक्या वर्गाला आले होते. तुमच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की पहिला पूर्ण दिवस कमी वेगात तोल, क्लच आणि वळणं यांच्या सरावाचा असेल. त्या एका ओळीसाठी मी पैसे भरले. प्रत्यक्षात हा सराव जेमतेम 20 मिनिटं झाला. उरलेला वेळ सरळ पट्ट्यावर गिअर वर-खाली करण्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला थेट रस्त्यावर नेलं.

मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगाने जायला मला भीती वाटत नाही. तिथे गाडी बरीचशी स्वतःच सावरते. माझी छाती धडधडते ती पार्किंगमधून गाडी काढताना, सिग्नलच्या रांगेत वीतवीत पुढे सरकताना, अरुंद जागेत वळवताना. चालण्याच्या वेगात गाडीचं ते सावरणं उरत नाही, सगळा भार चालवणाऱ्याच्या हातापायांवर येतो. नवी माणसं बहुतेक तिथेच गाडी आडवी करतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, म्हणूनच राग येतो.

आता गाडीबद्दल. मला दिलेल्या गाडीचा क्लच लिव्हर अर्ध्या अंतरापर्यंत नुसताच हलत होता. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत क्लचवर परिणाम न होता लिव्हर नुसता हलण्याचं हे अंतर (फ्री प्ले) लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर असावा असं दिलेलं असतं. इथे लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबला तरी गाडी पुढे ओढत होती, न्यूट्रल लागता लागत नव्हता, आणि बोटं जराशी सैल केली की झटका बसायचा. मी दोनदा सांगितलं. उत्तर मिळालं, "सवय होईल." केबल ताणायची नट लिव्हरजवळच असते, काम काही मिनिटांचं आहे. ज्या गाडीवर क्लच नेमका कुठे पकडतो हे हाताला कळूच शकत नाही, तिच्यावर शिकणाऱ्याने काय शिकायचं?

हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धवटच सोडून, गाडी रांगवायला लागले तेव्हा प्रशिक्षक ओरडले की क्लच जळेल. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो, सरावापुरतं घसरवणं तो सहज सोसतो. कारच्या कोरड्या क्लचचा नियम इथे लावून तुम्ही माझ्या हातातलं सगळ्यात उपयोगी साधनच काढून घेतलंत.

मग यू-टर्न. हँडल पूर्ण वळलेलं, वेग जवळपास नाही, नजर समोर ठेवलेल्या ट्रॅफिक कोनवर खिळलेली, आणि मागून आवाज आला, "ब्रेक, ब्रेक!" मी पुढचा ब्रेक आवळला. गाडी वळलेल्या बाजूला कोसळली आणि माझा गुडघा खाली आला. हँडल वळलेलं असताना त्या वेगात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, मागचा ब्रेक पायाने हलकेच धरायचा, हे त्याआधी कुणी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड तुम्ही चांगले दिले होते, ते नमूद करते. त्यामुळेच खरचटण्यावर निभावलं. पण गाडी उचलताना सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "घाबरलात म्हणून पडलात." आणि शेवटी मिळालेल्या प्रगतिपत्रकात शेरा आहे: आत्मविश्वासाचा अभाव.

हा शेरा मला मान्य नाही.

त्यानंतरचे तीन रविवार माझ्या मावसभावाने मला रिकाम्या मैदानात त्याच्या गाडीवर शिकवलं. आधी क्लच नीट लावून घेतला. पहिला अर्धा तास रेस द्यायचीच नाही, दोन्ही पाय जमिनीवर, क्लच सोडत गाडी फूटभर पुढे न्यायची आणि पुन्हा लिव्हर दाबायचा. इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो ती जागा मी न बघता ओळखायला लागले. मग रेस एकसारखी धरायची, मागचा ब्रेक किंचित लावून ठेवायचा आणि वेग फक्त क्लचने राखायचा. तो शेजारून पायी चालायचा आणि मी त्याच्या पुढे जायचं नाही, पायही टेकायचा नाही. वळताना ट्रॅफिक कोनकडे बघायचं नाही, जिथून बाहेर पडायचं तिकडे हनुवटी फिरवायची. गाडी आत झुकू द्यायची, अंग बाहेरच्या बाजूला ठेवायचं. तिसऱ्या रविवारी आठचा आकडा पाय न टेकता सलग पूर्ण झाला. भीती तीच, माणूस तोच. फरक फक्त शिकवण्यात आणि क्लच केबलमध्ये होता.

माझ्या मागण्या अशा आहेत. क्लच नीट लावलेल्या गाडीवर कबूल केलेला पूर्ण दिवसाचा सराव वेगळी फी न घेता द्यावा, नाहीतर पहिल्या दिवसाची फी परत करावी. प्रगतिपत्रकातला शेरा काढून सुधारित प्रत पाठवावी. रोज वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीचा क्लच, दोन्ही ब्रेक आणि टायरमधली हवा तपासून त्याची नोंद शिकणाऱ्याला दाखवावी. आणि पुढच्या ब्रेकबद्दल सांगितल्याशिवाय यापुढे कुणालाही यू-टर्नला उभं करू नये. माझ्यासोबत त्या दिवशी आणखी दोघी होत्या, त्यातली एक दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

पडल्यानंतर वाकलेल्या ब्रेक लिव्हरचे पैसे माझ्याकडून घेतले, त्याची पावती आणि प्रगतिपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. ते पैसेही परत हवे आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

आपली,
नवशिक्या वर्गातील प्रशिक्षणार्थी