गप्प बसवणे आणि मौन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या धर्मशिक्षणाची चर्चा निघाली आणि त्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा विषय आला, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'ते मुलांना काही शिकवतच नाहीत, मोठेपणी ज्याचे त्याने ठरवावे असे म्हणतात.' दुसरे, 'ते मुलांना तासभर गप्प बसवतात.' पहिले वाक्य कौतुकाने म्हटले जाते, दुसरे कीव करत. या कामाच्या जवळ असलेल्यांना दोन्ही सारखीच खटकतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी एक खुलासा. जगातले सगळे क्वेकर एका साच्याचे नाहीत. आज सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथे पाद्री, प्रवचन, गाणी, बायबलमधील वचनांचे पाठांतर असे सगळे आहे. पुढचे लिखाण ब्रिटन आणि अमेरिकेतल्या, पाद्री नसलेल्या आणि मौनात उपासना करणाऱ्या सभांपुरतेच आहे.

या सभांमध्ये ठरावीक श्रद्धावचन म्हणायचे नसते आणि बाप्तिस्माही नसतो. त्यामुळे शिकवायला उरते काय, असा प्रश्न पडतो. पण जुन्या क्वेकरांना शिकवण्याचे वावडे नव्हते. रॉबर्ट बार्क्ले यांनी १६७३ मध्ये चक्क धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी लिहिली आणि उत्तरे बायबलच्या वचनांतूनच दिली. ब्रिटनमध्ये १७३७ पासून क्वेकरांच्या मुलांना जन्मानेच सदस्यत्व मिळत असे, ते १९५९ मध्ये बंद झाले. म्हणजे आता वयात आलेल्या मुलाने 'मला यात यायचे आहे' असे स्वतः म्हणावे अशी अपेक्षा असते. तसे म्हणायला किंवा जाणूनबुजून नाही म्हणायला, हातात काहीतरी असावे लागते. मुलांच्या वर्गाचे काम ते एवढेच, पण ते सोपे नाही.

आता 'तासभर गप्प' याबद्दल. उपासनेची सभा साधारण तासभराची असते हे खरे. मुले मात्र बहुतेक ठिकाणी सुरुवातीची किंवा शेवटची दहा-पंधरा मिनिटेच मोठ्यांबरोबर बसतात. उरलेला वेळ त्यांचा स्वतंत्र वर्ग असतो. पाच वर्षांच्या मुलाला पाच मिनिटेही पुरतात. त्या पाच मिनिटांत काय करायचे नाही हे प्रत्येक जण सांगतो, काय करायचे ते सांगणारा विरळा. मुलाला मनाने करण्याजोगे काहीतरी द्यावे लागते: सर्वांत लांबचा आवाज कोणता ते ऐक, मग सर्वांत जवळचा. दहा श्वास मोज. आज ज्याची आठवण येते त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आण. मुठीत एक गोटा धरून तो गरम होईपर्यंत बस. आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवावी: मध्येच कोणीतरी उभे राहून दोन वाक्ये बोलेल, ते गडबड करणे नसते. त्याला उत्तर द्यायचे नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. शेवटी सगळे एकमेकांशी हस्तांदोलन करतात, तेव्हा सभा संपली. हे माहीत नसलेले मूल पूर्ण वेळ 'कधी संपणार' या एकाच विचारात असते.

सगळ्यात मोठी चूक होते ती इथे नाही, शेजारच्या खोलीत. वर्गात गोंगाट झाला की शिकवणारी व्यक्ती 'शांत बसा!' म्हणते आणि दहा मिनिटांनी तोच शब्द, जवळपास त्याच सुरात, उपासनेसाठी वापरते. मुलाच्या कानाला दोन्ही एकच. मग मौन म्हणजे शिक्षा, हे समीकरण बसायला वेळ लागत नाही. उपाय साधा आहे. गोंगाट थांबवण्यासाठी हात वर करणे किंवा घंटा अशी वेगळी खूण ठेवायची आणि मौनाचा शब्द त्यासाठी कधीच वापरायचा नाही. १६८२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मोठ्या क्वेकरांना तुरुंगात डांबले तेव्हा मुलांनीच सभा चालू ठेवल्या, ही गोष्ट क्वेकर मुलांना सांगितली जाते. तीही पुष्कळदा 'बघा ती मुले कशी होती' अशी दटावणी म्हणून येते आणि वाया जाते.

वर्गाला मिळतात चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. आल्यावर आठवड्यातल्या बातम्या, दोनेक मिनिटांचे मौन, मग गोष्ट, गोष्टीवर बोलणे, हाताने काहीतरी करणे, खाऊ आणि परत सभेत. गोष्ट आठ-दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये.

गोष्ट सांगण्याची एक पद्धत आज पुष्कळ सभांत रुजली आहे. मारिया माँटेसरी यांच्या विचारावर इटलीत सोफिया काव्हालेत्ती यांनी मुलांच्या धर्मशिक्षणाची पद्धत बसवली. त्यातून अमेरिकेत जेरोम बेरीमन यांनी 'गॉडली प्ले' उभे केले. अमेरिकेतल्या क्वेकरांनी त्याच घाटात स्वतःच्या गोष्टी लिहिल्या, त्या 'फेथ अँड प्ले' या नावाने ओळखल्या जातात. साहित्य थोडे लागते: एक टोपली, जमिनीवर अंथरायला फेल्टचा (दाबलेल्या लोकरी कापडाचा) तुकडा, चार-पाच लाकडी आकृत्या. सांगणारा जमिनीवर बसतो, गोष्ट तोंडपाठ असते आणि नजर मुलांकडे नव्हे, आकृत्यांकडे असते. नवख्या माणसाला हे तुसडेपणाचे वाटते. पण त्याने मुलांकडे पाहिले की मुले त्याच्याकडे पाहतात, त्याला काय हवे ते ताडू लागतात आणि गोष्ट बाजूला राहते. आकृत्या जास्त असल्या तरी तेच होते, मुले मोजत बसतात.

गोष्टीनंतरचे प्रश्न हा खरा कसोटीचा भाग. ते साधारण चार प्रकारचे असतात: कुठला भाग आवडला, कुठला सर्वांत महत्त्वाचा, तू स्वतः या गोष्टीत कुठे आहेस, कुठला भाग गाळला तरी गोष्ट पुरी राहील. मराठीत यासाठी 'कोण जाणे' सारखा दुसरा शब्दप्रयोग नाही: 'कोण जाणे, यातला सर्वांत महत्त्वाचा भाग कुठला असेल.' प्रश्न सोडायचा आणि थांबायचे. निदान दहा सेकंद, जी सांगणाऱ्याला दहा मिनिटांसारखी वाटतात. उत्तर आले की 'छान!' म्हणायचे नाही. हे पाळणे फार जड जाते. एका उत्तराला शाबासकी दिली, की पुढची सगळी मुले त्याच उत्तराच्या आसपास घुटमळतात आणि ज्याच्या मनात वेगळे होते ते मूल गप्प होते. 'हं' पुरे. नाहीतर त्याचेच शब्द त्याला परत ऐकवावेत.

गोष्टींच्या निवडीतही दोन खड्डे आहेत. पहिला गोड करण्याचा. न्यू जर्सीचे जॉन वुलमन (१७२०–१७७२) गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झटले. लहानपणी त्यांनी दगड मारून रॉबिन पक्ष्याची मादी मारली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. वर्गात बहुधा गोष्ट 'आणि त्याला फार वाईट वाटले' इथे संपते. मूळ हकिगत तिथे संपत नाही. आईवाचून पिल्ले तडफडून मरतील म्हणून वुलमन झाडावर चढले आणि त्यांनी पिल्लेही मारली. मुलांना विचारात पाडतो तो हाच भाग: चूक केल्यावर सगळेच मार्ग वाईट असतात तेव्हा काय करायचे? सात-आठ वर्षांची मुले यावर मोठ्यांपेक्षा जास्त वेळ बोलतात. पाच वर्षांच्या आतल्यांना मात्र ही गोष्ट सांगू नये.

दुसरा खड्डा दंतकथेचा. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांनी 'मी तलवार बाळगू का?' असे विचारले आणि पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स म्हणाले, 'जमेल तोवर बाळग', ही गोष्ट क्वेकर वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिला त्या काळातला पुरावा नाही. सत्य सदासर्वकाळ बोलायचेच, म्हणून न्यायालयातही शपथ न घेणाऱ्या लोकांनी दंतकथा इतिहास म्हणून सांगावी, ही गंमतच. सांगू नये असे नाही, 'अशी एक आख्यायिका आहे' एवढे तीन-चार शब्द आधी जोडावेत. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक उत्तम कळतो.

अमेरिकेत क्वेकर मूल्यांची आद्याक्षरे जुळवून 'स्पायसेस' हा शब्द झाला आहे: साधेपणा, शांतता, सचोटी, समुदाय, समता आणि निसर्गाची राखण. लक्षात ठेवायला सोयीचा, भिंतीवर लावायला त्याहून सोयीचा. पण क्वेकरांच्या लेखी या गोष्टी जगण्यातून दिलेल्या साक्षी आहेत, पाठ करायच्या मूल्यांची यादी नव्हे. वुलमन बिनरंगाचे कपडे घालत आणि फिरतीवर ज्यांच्या घरी गुलामांकडून सेवा मिळे तिथे त्या गुलामांना मोबदला देत. एवढे सांगितले की साधेपणा आणि समता हे शब्द न उच्चारताही येतात. सहा आठवडे सहा तक्ते रंगवणारा वर्ग बघायला नीटनेटका असतो. सातव्या आठवड्यात मुलांना विचारावे, काय उरले.

बारा-तेरा वर्षांनंतर टोपली आणि फेल्ट आवरून ठेवावे. या वयाला भावते ते क्रमाक्रमाने बोलणे, ज्याला इंग्रजी मुलखातले क्वेकर 'वर्शिप शेअरिंग' म्हणतात. आठ-दहा जणांचे वर्तुळ. नियम थोडे आणि कडक: स्वतःच्या अनुभवातले बोलायचे, दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचे नाही, प्रत्येकानंतर थोडे थांबायचे, सगळ्यांची एकेक फेरी झाल्याखेरीज दुसऱ्यांदा बोलायचे नाही, 'पुढे' म्हणून गप्प राहण्याची पूर्ण मुभा, आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. शेवटच्या नियमाला एक अपवाद सुरुवातीलाच सांगून ठेवावा लागतो: कोणाच्या जिवाला धोका असल्याचे कळले तर मोठी माणसे ते जबाबदार व्यक्तीला कळवणार. हे नंतर सांगितले तर फसवणूक वाटते. बारापेक्षा जास्त मुले झाली तर दोन वर्तुळे करावीत, नाहीतर शेवटच्या तिघांपर्यंत वेळच पोचत नाही. ब्रिटनमधल्या क्वेकरांच्या सल्ले आणि प्रश्नांच्या पुस्तिकेत ४२ परिच्छेद आहेत. एका बैठकीला एकच घ्यावा, तोही अर्धा चालतो.

या मुलांपासून इतिहास लपवू नये. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध निषेध लिहून दिला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने (त्या भागातल्या क्वेकर सभांच्या मध्यवर्ती संस्थेने) गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्य म्हणून नाकारले ते १७७६ मध्ये, म्हणजे मध्ये ८८ वर्षे गेली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या आदिवासी मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळा चालवण्यात क्वेकरांचाही हात होता. १९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक दोन क्वेकर संस्थांना मिळाले, हे तक्त्यावर लागते. वरचे दोन मुद्दे लागत नाहीत. पंधरा वर्षांची मुले ते स्वतः शोधून काढतात आणि मग तक्त्यावरच्या बाकीच्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

आणि त्यांना कारभार शिकवावा. क्वेकर सभेत मतदान नसते. क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा आणि तिची नोंद ठेवणारा सदस्य, विषय मांडतो, सगळे थोडा वेळ मौनात बसतात, क्लार्कने खूण केली की एकेक जण बोलतो. सभेचा कल दिसू लागला की क्लार्क तिथेच इतिवृत्ताचा मसुदा लिहून वाचून दाखवतो. शब्द दुरुस्त होतात आणि मगच तो पक्का होतो. ब्रिटनमध्ये संमती देताना 'होप सो' म्हणतात, म्हणजे 'अशी आशा आहे'. एकमत झाले नाही तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. शाळेतल्या सवयीने मुले हात वर करून मोजू लागतात, ते पहिल्याच वेळी थांबवावे. ज्या मुलाचे मत ठाम आहे त्याला त्या विषयापुरते क्लार्क करू नये. मुख्य म्हणजे विषय खरा असावा. खाऊला काय आणायचे यावर कोणी मनापासून कल शोधत नाही. जमलेला निधी कोणाला द्यायचा, असा खऱ्या पैशांचा विषय दिला की तीच मुले तासभर बसतात. त्यांचे इतिवृत्त मोठ्यांच्या सभेत पोचले, की तिथे 'आभार' मानून बाजूला ठेवले जाते. तसे न करता ते विषयपत्रिकेवर घ्यावे आणि निर्णय काय झाला ते मुलांना लेखी कळवावे.

राहिला प्रश्न माणसांचा, आणि वर्ग बंद पडतात ते बहुतेक इथेच. दर आठवड्याला नवा स्वयंसेवक असला तर मुलांना चेहरा सापडत नाही. एकच जण कायम असला तर त्याची स्वतःची उपासना सुटते आणि वर्षभरात तो थकतो. जमते ती जोडी अशी: एक व्यक्ती तीन-चार आठवडे सलग, दुसरी पाळीने बदलती. खोलीत एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन मोठी माणसे असावीत आणि एकटी व्यक्ती मुलांबरोबर कधीच नसावी. ब्रिटनमध्ये त्यांची गुन्हे-नोंदीची तपासणीही झालेली असते. आजच्या गोष्टीचे नाव, आलेली मुले आणि कोणी काय विचारले हे तीन ओळींत वहीत लिहून ठेवले, की पुढच्या जोडीला धागा मिळतो.

ज्या सभेत एकच मूल येते, त्यांना वरच्यापैकी अर्धेअधिक लागू नाही. तिथे त्या मुलासाठी वर्ग भरवण्याचा हट्ट सोडावा. दोन मोठ्या माणसांनी ती टोपली घेऊन त्याच्याबरोबर जमिनीवर बसावे, गोष्टीनंतरचे प्रश्न स्वतःलाही विचारावेत आणि त्याला दाखवण्यासाठी नव्हे, खरीखुरी उत्तरे द्यावीत.

कळावे,

आपले,
क्वेकर बालशिक्षणाच्या कामातील काही जण