तो ठोठावतोय ते दार आपलंच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आम्हा ख्रिस्ती लोकांबद्दल वर्षातून साधारण दोनदा छापून येतं, एकदा नाताळला आणि एकदा गुड फ्रायडे-ईस्टरच्या सुमारास. फोटो छान असतात, मेणबत्त्या, कॉयर, गर्दी. तक्रार अजिबात नाही. पण या वेळी तो फोटो बघताना मला जरा कसंतरीच झालं, कारण त्यात मीही सहज असू शकलो असतो, हातात गीतांचं पुस्तक, चेहरा अगदी भाविक, आणि डोक्यात काय चाललंय तर माझ्या गाडीमागे कुणीतरी गाडी लावलीये आता निघायला उशीर होणार. म्हणून हे पत्र. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं, विषय आमच्या घरातला आहे.

मी लहानपणापासून चर्चमध्येच वाढलो. बाप्तिस्मा, दृढीकरण, मग संडे स्कूलमध्ये शिकवणं, मग कमिटी, आणि कमिटीत एकदा शिरलं की माणूस बाहेर पडत नाही हे सगळ्यांना माहितीये. रविवार चुकवल्याचं आठवत नाही. कुणी विचारलं असतं की काय हो, देवाशी कसं चाललंय तुमचं, तर मी म्हटलं असतं, बरं चाललंय. आता वाटतं की सगळा घोळ त्या "बरं"मध्येच होता. वाईट चाललं असतं तर निदान कळलं तरी असतं.

झालं असं की मागच्या वर्षी आम्ही तिघंचौघं एका आजारी आजींना भेटायला गेलो होतो. प्रार्थना करायची वेळ आली, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीप्रमाणे. मी सुरू केली. "हे दयाळू स्वर्गीय पित्या" म्हणून जी गाडी सुटली ती थेट आमेनलाच थांबली, सगळी वाक्यं पाठ, कुठे आवाज खाली आणायचा तेही पाठ, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की तोंड आपलं आपण चाललंय आणि मी मनातल्या मनात परत जायला किती वाजतील याचा हिशोब करतोय. आमेन झालं. आजींनी डोळे उघडले आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, "झालं तुमचं? आता मी बोलते त्याच्याशी." आणि बोलल्या. "बाबा, भीती वाटते रे. इथं बस." संपलं. आमेनसुद्धा म्हणाल्या नाहीत, जणू बोलणं अजून चालूच आहे.

त्यांनी मला टोमणा मारला नव्हता हो. तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, तिसरा अध्याय परत वाचला. परत म्हणजे काय, त्यावर मी स्वतः दोनदा बोललोय लोकांसमोर. लावदिकीया शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, येशूच्या वतीने लिहिलेलं ते पत्र, तू थंडही नाहीस आणि गरमही नाहीस, कोमट आहेस म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार. आम्ही लहानपणापासून त्याचा अर्थ असा ऐकत आलो की गरम म्हणजे चांगला ख्रिस्ती, थंड म्हणजे नास्तिक, आणि कोमट म्हणजे मधला. मग देवाला नास्तिक परवडतो पण मधला नाही, हे काय गणित आहे, असा प्रश्न मला नेहमी पडायचा आणि मी तो गिळून टाकायचो. त्या भागाची माहिती वाचली तेव्हा जरा उलगडलं. लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात होतं. समोर हिरापोलिस, तिथे गरम पाण्याचे झरे, ते आजही वाहतात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी गार आणि चांगलं म्हणून नावाजलेलं. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून दगडी पाइपातून आणावं लागायचं, आणि त्या पाइपांचे तुकडे उत्खननात सापडलेत, आतून चुन्याचा थर साचून साचून अर्धे बुजलेले. म्हणजे गरम पाणी अंग शेकायला, गार पाणी प्यायला, दोन्ही कामाचं. कोमट पाणी कशालाच नाही. अभ्यासकांमध्ये यावर मतभेद आहेत, पण मला हा अर्थ पटला, कारण मग प्रश्न तुझा उत्साह किती डिग्री आहे असा राहत नाही, तू कुणाच्या काही उपयोगाचा उरलायस का असा होतो. आणि तो पाइप माझ्या डोक्यातून जात नाही. पाइप कुणी फोडला नव्हता, पाणीही रोज येत होतं, फक्त रोज थोडा थोडा थर बसत गेला.

आणखी एक गोष्ट. इ.स. 60 मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. शहर पडलं. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की लावदिकीया रोमची काही मदत न घेता स्वतःच्या बळावर परत उभं राहिलं. खरंतर कौतुकाचीच गोष्ट, पेपरात पहिल्या पानावर आली असती. पण त्याच शहरातल्या मंडळीला पुढे ते पत्र येतं, तू म्हणतोस मी श्रीमंत आहे, मला काही कमी नाही, आणि तुला कळतच नाही की तू कंगाल आहेस, आंधळा आहेस, नागडा आहेस. म्हणजे मंडळी भ्रष्ट होती, खोटं शिकवत होती असा आरोप त्यात कुठे नाही. "आम्हाला काही लागत नाही" एवढाच आजार. मी आमच्या कमिटीच्या मीटिंगा आठवल्या. छताचं काम झालं, साऊंड सिस्टीम नवीन आली, अर्पण मागच्या वर्षीपेक्षा जास्त, सगळं व्यवस्थित, चला प्रार्थना करून उठूया.

आणि त्याच पत्रात ते प्रसिद्ध वाक्य आहे, पाहा, मी दाराशी उभा आहे आणि ठोठावतो आहे. हे आपण कॅलेंडरवर छापतो, बाहेरच्या लोकांना सांगतो, की बघा तो तुमच्या दाराशी उभा आहे, उघडा. पण पत्र बाहेरच्यांना नाहीचये. ते मंडळीला आहे. आत उपासना चाललीये, गाणी चाललीयेत, आणि ज्याच्या नावाने चाललीयेत तो बाहेर उभा राहून कडी वाजवतोय. इतकी वर्षं मी हे वाक्य दुसऱ्यांकडे बोट करून म्हणत आलो.

आता काही लोक म्हणतील की अहो प्रत्येक पिढी असंच म्हणते, पूर्वी भक्ती होती आता राहिली नाही. मला ते म्हणायचंच नाहीये. पूर्वी फार काही वेगळं नव्हतं. मलाखीचं पुस्तक काढून बघा, बायबलच्या जुन्या करारातलं शेवटचं, येशूच्या चारेकशे वर्षं आधीचं. लोक मंदिरात येत होते, यज्ञ करत होते, सगळं टाइमटेबलप्रमाणे. फक्त जनावर आणायचे आंधळं, लंगडं, आजारी, जे तसंही विकलं गेलं नसतं ते. आणि देव विचारतो, हे तुझ्या अधिकाऱ्याला नेऊन दे बरं, तो खूश होईल का तुझ्यावर? मी हे वाचून एकटाच हसलो आणि मग हसू गेलं. ऑफिसात साहेबांसमोर मी कधी जांभई दिलेली नाही. साहेब बोलत असताना मी फोन बघत नाही. उरलेला वेळ, उरलेली ताकद, दिवसभराचं सगळं झाल्यावर डोळे मिटत असताना पलंगावर पडल्या पडल्या दोन वाक्यं, हे माझं लंगडं कोकरू. वीस वर्षं वाहतोय.

इथे एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे नाहीतर हे पत्र वाचून चुकीच्या माणसाला वाईट वाटेल. कोरडेपणा वेगळा आणि सुस्ती वेगळी. कुणाचं माणूस गेलंय, कुणी डिप्रेशनमध्ये आहे, कुणी आजारपणाने थकलंय, प्रार्थना करायला बसलं तर शब्दच येत नाहीत, अशा माणसाला "तुमची भक्ती कमी झालीये" म्हणणं हा क्रूरपणा आहे, आणि तो चर्चमध्ये सर्रास होतो. त्याला पाणी मिळत नाहीये पण तहान तर आहे ना. माझं उलटं होतं, मला तहानच लागत नव्हती. आणि तिसरा एक प्रकार म्हणजे नुसता कंटाळा, तोही जुनाच. चौथ्या शतकात वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी त्याचं वर्णन करून गेलाय, की दुपारी साधूला वाटतं दिवस पन्नास तासांचा झालाय, तो सारखा खिडकीशी जातो, सूर्य किती सरकला बघतो, कुणी भेटायला येतंय का बघतो. हे वाचताना माझा हात फोनकडे गेला होता, खोटं नाही सांगत.

मग मी कुणाकडे बघायचं असा विचार करत होतो तर आपल्या मराठीतलंच सगळ्यात मोठं नाव समोर आलं, पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. केवढी किंमत मोजून, लोकांच्या शिव्या खाऊन. त्यानंतर विधवांसाठी शाळा काढली, दिवसरात्र काम. आणि त्याच बाई स्वतःच्या साक्षीत सांगतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी ते घडलं. हे त्यांनी लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. आमच्यासारख्याने आठ काय अठ्ठावीस वर्षांनी तरी असं उभं राहून म्हणायला पाहिजे, पण कमिटीतला माणूस कसं म्हणणार, लोक काय म्हणतील. तसेच कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. 1895 मध्ये बाप्तिस्मा, त्यांची गीतं तर आम्ही दर रविवारी गातो, आणि 1917 मध्ये, म्हणजे बावीस वर्षं झाल्यावर, सगळं स्थिरस्थावर असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. दोन वर्षांत वारले. त्या वयात माणूस पेन्शनचा विचार करतो.

प्रत्येकाने नोकरी सोडावी असं मी म्हणत नाहीये, माझी तर हिंमतच नाही. पण यावर उपाय म्हणून आम्ही काय करतो ते बघा. भक्ती थंडावली असं कुणी म्हटलं की लगेच एक कार्यक्रम. तीन दिवसांच्या संजीवन सभा, बाहेरून वक्ता, बॅनर, नवीन बँड, शेवटच्या दिवशी सगळे रडतात आणि सोमवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर खुर्च्या कुणी परत केल्या नाहीत यावरून भांडण. चुन्याच्या थरावरून जास्त प्रेशरने पाणी सोडल्यासारखं आहे ते. अशा सभांमध्ये काहींचं आयुष्य खरंच बदललंय, हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे बंद करा म्हणणार नाही. पण त्याच प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीला जे पत्र आहे ना, ज्यात तू तुझी पहिली प्रीती सोडलीस म्हटलंय, त्यात उपाय तीन शब्दांत आहे, आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कामं परत कर. तुला परत तसं वाटू दे, असं कुठेच म्हटलेलं नाही. करायला सांगितलंय. इफिसची मंडळी तर कष्टाळू होती, खोट्या प्रेषितांना पकडून दाखवणारी होती, म्हणजे थोडक्यात आमची कमिटीच. कामं कमी नव्हती, पहिली कामं राहिली होती.

मी माझी पहिली कामं आठवायला बसलो. तरुणपणी मी प्रार्थनेत बोलताना चक्क अडखळायचो, कारण काय बोलायचं ते आधी ठरलेलं नसायचं. चूक झाली की त्याच दिवशी जाऊन माफी मागायचो. कुणाला न सांगता देणगी द्यायचो, आता पावती घेतो. एवढंच आठवलं, आणि एवढं पुरलं.

तर मी दोन-तीन गोष्टी केल्या. सहा महिने सभेत प्रार्थना चालवायची नाही असं पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सांगितलं. त्यांना वाटलं मी रागावलोय, समजवायला घरी आले, त्यांना खरं कारण सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, मलाही सुट्टी मिळाली असती तर बरं झालं असतं. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं बसतो, पाठ वाक्यं वापरायची नाहीत एवढाच नियम, त्यामुळे दहातली सात मिनिटं शांतताच असते आणि दोन मिनिटं मी गाडीच्या सर्व्हिसिंगचा विचार करतो. मोठा काही अनुभव आलेला नाही. दिव्य प्रकाश वगैरे तर नाहीच. पण एक झालं, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं ते वाक्य सारखं समोर यायला लागलं, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे मी संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतलेलं आहे. माझा सख्खा भाऊ आणि मी चार वर्षं बोललेलो नाही. कारण इथे लिहिण्यासारखं नाही, घरचंच आहे, आणि चूक माझी अर्ध्याहून जास्त आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. पुढच्या नाताळला फोटोबरोबर थोडी जागा ठेवा आणि चर्चमध्ये नियमित येणाऱ्या चार साध्या माणसांना विचारा की तुम्ही प्रार्थना करता तेव्हा नक्की काय होतं. पाळकांना नको, कमिटीवाल्यांना तर अजिबात नको, आमची उत्तरं तयार असतात. त्या आजींसारख्यांना विचारा. आता त्या नाहीत, उन्हाळ्यात गेल्या.

भावाला मागच्या रविवारी उपासनेच्या आधी फोन केला. उचलला नाही. परत केला, वहिनीने उचलला, दचकल्यासारखी वाटली, म्हणाली आंघोळीला गेलेत, सांगते. त्याचा फोन काही आला नाही. त्या रविवारी मी अर्पणाची थैली समोर आली तेव्हा नुसतीच पुढे सरकवली, शेजारच्याने वळून बघितलं. पाकीट खिशातच आहे अजून. उद्या परत फोन करतो.

आपला,
एक जुना वाचक