शिफारसपत्रावर आपलेपणा ठरू नये

महोदय,

मराठीत मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाविषयी लिहिले जाते ते बहुधा बहुपत्नीत्वापुरते. वास्तविक ती प्रथा सोडण्याच्या १८९० च्या जाहीरनाम्यानंतर पंथाच्या मुख्य चर्चने तिच्याकडे पाठ फिरवली. त्या समाजाला आज छळणारा प्रश्न वेगळाच आहे. श्रद्धा डळमळली तरी माणूस आपल्याच लोकांतला राहतो की नाही?

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापलेल्या या चर्चचे अनुयायी १८४७ मध्ये ब्रिगहम यंग यांच्या मागून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या अमेरिकेतील युटा राज्यात, आले. त्यामुळे युटातील जुन्या घराण्यांसाठी हा पंथ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे गणगोतही आहे. उपासनेला जाणे सोडलेली माणसेसुद्धा २४ जुलैला, त्या आगमनाच्या दिवशी, पूर्वजांची आठवण आपलेपणाने काढतात. अशांना परके म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या दुराव्याची धार सर्वांत जास्त जाणवते ती लग्नात. रविवारच्या उपासनागृहाहून वेगळ्या असलेल्या पंथाच्या मंदिरात प्रवेशासाठी शिफारसपत्र लागते आणि ते मिळण्याआधी बिशपसमोर, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखासमोर, मुलाखत द्यावी लागते. श्रद्धा आहे का, उत्पन्नाचा दशांश दिला का, चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू यांपासून दूर राहता का, अशी विचारणा तिथे होते. हे पत्र नसलेल्या आईवडिलांना पोटच्या मुलीचा मंदिरातील विवाहविधीही पाहता येत नाही. वऱ्हाड आत असते आणि ते बाहेर थांबतात. त्यांना सामावून घेण्यासाठी आधी नागरी विवाह करावा, तर अमेरिका व कॅनडातील जोडप्यांना मंदिरविधीसाठी सहसा वर्षभर थांबावे लागे. मे २०१९ मध्ये चर्चने ही अट काढून टाकली. त्याच्या महिनाभर आधी, समलिंगी जोडप्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर २०१५ मध्ये घातलेले निर्बंधही मागे घेण्यात आले.

मंदिरात कोणाला घ्यावे हे ठरवण्याचा चर्चचा अधिकार मला मान्य आहे. मात्र घरातले, नात्यातले आणि मंडळीतले स्थान त्याच कागदावर तोलले जाऊ नये. शंका मनात ठेवून दर रविवारी उपासनेला येणारे, आणि येणे थांबवूनही आप्तांच्या सुखदुःखात धावून जाणारे, हे दोघेही त्या समाजाचेच आहेत.

या पंथातील आजच्या स्थित्यंतरावर, विशेषतः श्रद्धेवरून दुभंगलेल्या कुटुंबांवर, आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक