उचलून दुसरीकडे ठेवता न येणारी हॉटेलं

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज आला तेव्हा मी एअरपोर्टवर बसलो होतो आणि फ्लाइट चार तास लेट, त्यामुळे तुझ्या एका ओळीच्या प्रश्नाला हे एवढं लांबलचक पत्र मिळतंय, तक्रार करायची असेल तर विमानाकडे कर. तू विचारलंस, लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, आयुष्यात एकदाच असा खर्च करणार, तर तू पाहिलेल्यातलं सगळ्यात भारी लक्झरी हॉटेल कुठलं ते सांग, आणि सेव्हन स्टारच बघू ना?

आधी ते स्टारचं खूळ डोक्यातनं काढ. सगळ्या जगाला मिळून स्टार वाटणारं असं एकच ऑफिस कुठेच नाहीये. प्रत्येक देशाची आपापली पद्धत, कुठे सरकार देतं, कुठे हॉटेलवाल्यांची संघटना देते, आणि मोजतात काय तर खोली केवढी, लिफ्ट आहे का, रिसेप्शनला रात्री कोणी असतं का, असलंच बरंचसं. सेव्हन स्टार तर कुठल्याच अधिकृत यादीत नाही. 1999 मध्ये दुबईत बुर्ज अल अरब उघडलं तेव्हा भारावून गेलेल्या एका पत्रकाराने तसं लिहिलं म्हणतात आणि तो शब्द जो चिकटला तो चिकटलाच.

दुसरी गोष्ट कबूल करून टाकतो. मी या सगळ्या हॉटेलांत राहिलोय असं समजू नकोस. काही ठिकाणी ऑफिसच्या कृपेने राहिलो, दोन ठिकाणी साठवलेल्या पैशाने, आणि काही ठिकाणी नुसता चहा पिऊन बाहेर पडलोय. त्यात मला अजिबात लाज वाटत नाही, कारण मोठ्या हॉटेलात शिरायचं सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणजे त्याच्या लॉबीतला चहा, दोन तास बसा, कोणी उठवत नाही.

आता माझी परीक्षा कशी असते ते सांगतो. एकदा एका मोठ्या चेनच्या हॉटेलात उतरलो होतो, नाव घेत नाही, शहराचंही नाही. खोली झकास, पण दिवे, पडदे, एसी, सगळं एका टॅबलेटवर. रात्री झोपताना पलंगाखालची एक निळी पट्टी काही केल्या बंद होईना. मी "नाइट" दाबलं तर पडदे उघडले, "स्लीप" दाबलं तर टीव्ही सुरू झाला. शेवटी रात्री साडेबाराला खाली फोन केला, एक बिचारा पोरगा आला, त्यालाही जमेना, मग त्याने गालिच्याच्या कडेला वाकून प्लगच उपटला. तर गंमत ही की पहाटे जाग आली तेव्हा दोन मिनिटं मला मी कुठल्या शहरात आहे तेच आठवेना! खोलीत काही म्हणजे काही खूण नव्हती. तेव्हापासून कुठलंही हॉटेल पाहिलं की मी मनात एकच विचारतो, हे आख्खं उचलून दुसऱ्या गावात ठेवलं तर काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर मग संगमरवर इटलीचा असो नाहीतर अजून कुठला, मला नको.

या परीक्षेत पहिला नंबर श्रीलंकेतल्या कंडलामाचा, आता त्याला हेरिटन्स कंडलामा म्हणतात. जेफ्री बावा नावाचा आर्किटेक्ट, हा माणूस आधी वकील होता, आर्किटेक्ट झाला तेव्हा अडतीस वर्षांचा होता, आणि हे हॉटेल 1994 मध्ये उघडलं तेव्हा तो पंचाहत्तरीला टेकला होता. मालकांना हॉटेल हवं होतं सिगिरियाच्या पायथ्याशी, म्हणजे तो प्रसिद्ध एकटा उभा खडक आहे ना ज्याच्यावर पाचव्या शतकातला राजवाडा होता, तिथे. बावा म्हणाला तिथे नाही. हेलिकॉप्टरमधनं फिरला आणि बरंच लांब कंडलामाच्या जुन्या तलावाकाठचा एक कडा निवडला, जिथनं सिगिरिया दूरवर बारीकसा दिसतो. मला यातच त्याचं सगळं शहाणपण दिसतं. जी गोष्ट बघायला लोक येणार तिच्या अंगावर जाऊन बसायचं नाही, लांबनं दाखवायची.

हॉटेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर, कड्याला चिकटून वळत वळत गेलेलं, आणि बाहेरच्या सांगाड्यावर एवढ्या वेली सोडल्यात की तलावाच्या पलीकडनं बघितलं तर हॉटेल सापडतच नाही, मी शपथेवर सांगतो, आम्ही तिथे उभे राहून एकमेकांना बोट दाखवत होतो आणि दोघंही चुकीचं दाखवत होतो. आत शिरताना एका गुहेसारख्या वाटेने जातोस, मग कॉरिडॉरमध्ये मधेच डोंगराचा खरा खडक आत आलेला, फोडला नाही, झाकला नाही, तो होता म्हणून भिंतीने माघार घेतली. इमारत खांबांवर उचललेली, म्हणजे पावसाचं पाणी आणि जनावरं खालनं जाऊ शकतात. आणि बाथरूमला काचेची भिंत, बाहेर जंगल. आंघोळ करताना समोरच्या फांदीवर एक माकड बसून मला शांतपणे बघत होतं, अगदी समीक्षकासारखं. हॉटेल बांधताना तिथे विरोधही खूप झाला होता, जंगल जाईल तलाव जाईल म्हणून, आणि तो विरोध चुकीचा होता असं म्हणायची माझी हिंमत नाही, पण आज जे उभं आहे ते बघून असं वाटतं की बांधणारा माणूस सतत त्या जागेची माफी मागत बांधत होता.

आमच्या हिला विचारशील तर ती उदयपूर म्हणेल. लेक पॅलेस. पिछोला तलावात जगनिवास बेटावर महाराणा जगतसिंह दुसरे यांनी 1743 ते 1746 मध्ये बांधलेला महाल, 1960 च्या दशकात त्याचं हॉटेल झालं. त्याची जी गोष्ट सांगतात ती मला महालापेक्षा जास्त आवडते. राजपुत्राला शेजारच्या जगमंदिर बेटावर चांदण्या रात्री मौजमजा करायची होती, वडील म्हणाले एवढी हौस असेल तर स्वतःचा महाल बांध, आणि पोराने खरंच बांधला की! म्हणजे रुसव्यातनं उभं राहिलेलं हॉटेल. तिथे बोटीनेच जावं लागतं आणि माझ्या मते अर्धी लक्झरी त्या काही मिनिटांतच आहे. धक्का सुटला की बोलणं आपोआप बंद होतं, गाव मागे सरकतं, आणि पांढरी भिंत सरळ पाण्यातनं वर आलेली. रात्री खिडकीबाहेर पाण्याचा बारीक आवाज. दुष्काळाच्या वर्षांत तो तलाव आटतो हेही सांगून ठेवतो, तेव्हा पाऊस कसा झालाय ते विचारूनच बुकिंग कर, कोरड्या तळ्यातला पाण्यातला महाल म्हणजे काय ते तूच समज.

मग ते बर्फाचं. हसू नकोस. स्वीडनमध्ये उत्तर ध्रुववृत्ताच्या वर साधारण दोनशे किलोमीटरवर युक्कासयार्वी नावाचं खेडं आहे, तिथे 1989 पासून दर हिवाळ्यात आइसहोटेल बांधतात आणि वसंतात ते वितळून परत टॉर्ने नदीत जातं, जिच्यातनं त्याचा बर्फ काढलेला असतो. वसंतात नदीतनं बर्फाच्या लाद्या कापून साठवून ठेवायच्या आणि पुढच्या हिवाळ्यात त्यातनं खोल्या कोरायच्या, दर वर्षी वेगळे कलाकार, वेगळ्या खोल्या. म्हणजे मी ज्या खोलीत झोपलो ती खोली आता जगात नाही. हा विचार मला अजूनही अधूनमधून येतो आणि बरं वाटतं की वाईट ते ठरत नाही.

आत उणे पाच ते आठ डिग्री, पलंग बर्फाचा, त्यावर रेनडिअरची कातडी, आणि तू एका जाडजूड स्लीपिंग बॅगेत. सामान आत न्यायचं नाही, ते बाजूच्या उबदार इमारतीत, संडास बाथरूमही तिकडेच, त्यामुळे झोपण्याआधी पाणी पिताना शंभर वेळा विचार कर. सगळ्यात विलक्षण म्हणजे शांतता. बर्फाच्या भिंती आवाज गिळून टाकतात, स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. सकाळी कोणीतरी येऊन लिंगनबेरीचा गरम रस हातात देतं, आणि त्या एका कपासाठी मी जगातले सगळे बुफे ब्रेकफास्ट ओवाळून टाकीन. पण एकच रात्र हं. बाकीच्या रात्री शेजारच्या गरम खोलीत, तिथली माणसंसुद्धा हाच सल्ला देतात. आता 2016 पासून त्यांनी एक भाग वर्षभर गार ठेवायची सोय केलीये, उन्हाळ्यातला बर्फ सौर ऊर्जेवर टिकवतात म्हणे, पण मला ते वितळणारंच बरं वाटतं.

सिंगापूरचं रॅफल्स मी थोडक्यात उरकतो कारण त्याच्याबद्दल सगळेच लिहितात. सार्कीज म्हणून आर्मेनियन भाऊ होते, त्यांनी 1887 मध्ये समुद्रकाठच्या दहा खोल्यांच्या बंगल्यात सुरू केलं. आज रस्त्याचं नाव बीच रोड आणि समुद्र गायब, कारण मधे भराव टाकून शहर पुढे सरकलं, हॉटेल तिथेच. 1902 मध्ये सर्कशीतनं पळालेला वाघ त्यांच्या बिलियर्ड रूमखाली लपला होता ही गोष्ट खरी आहे. आणि लाँग बारमध्ये शेंगदाण्याची टरफलं मुद्दाम जमिनीवर टाकतात. एवढ्या चकचकीत शहरात, एवढ्या महागड्या हॉटेलात, टरफलं खुशाल खाली टाकायची! मी पहिली दोन खिशात ठेवली होती, सवयीने.

हाँगकाँगच्या पेनिन्सुलात फक्त चहा. 1928 चं हॉटेल, बाहेर हिरव्या रोल्स रॉइस रांगेत, पांढऱ्या पोशाखातली टोपीवाली पोरं दार उघडायला. चहासाठी पाऊण तास लाइनीत उभे होतो, आणि मग वर बाल्कनीतनं व्हायोलिन सुरू झालं आणि लाइनीतला राग विरघळला. याच इमारतीत 1941 च्या नाताळच्या दिवशी ब्रिटिश गव्हर्नरने जपान्यांपुढे शरणागती पत्करली. चहाच्या कपाकडे बघत मी तेच आठवत होतो आणि ही म्हणाली, स्कोन गार होतायत.

लंडनच्या सॅवॉयमध्येही चहाच. पण तिथे एक लाकडी मांजर आहे, कॅस्पर. 1898 मध्ये तिथे एका माणसाने जेवण दिलं, चौदाजण येणार होते, आले तेरा, आणि तेराच्या टेबलावरनं जो आधी उठेल तो मरतो असं कोणीतरी म्हणालं. यजमानच आधी उठला, आणि काही आठवड्यांनी जोहान्सबर्गमध्ये त्याचा गोळी घालून खून झाला. हॉटेलने धसका घेतला. तेरा पाहुणे आले की आपला एक माणूस चौदावा म्हणून बसवायला लागले, पण परका माणूस खासगी बोलणं ऐकत बसलाय हे कोणाला आवडणार, म्हणून 1927 मध्ये हे मांजर घडवून घेतलं. अजूनही तेराजण असले की त्याला खुर्ची, गळ्यात नॅपकिन, आणि प्रत्येक कोर्स त्याच्यापुढे वाढतात. एका खुळ्या भीतीची इतकी वर्षं इतक्या गंभीरपणे सरबराई करणं, याला मी सर्व्हिस म्हणतो.

आणि तेवढ्यात सेझार रिट्झचं सांगून घेतो, कारण हा गडी काही काळ सॅवॉयचाच मॅनेजर होता, मग हाकलला गेला, आणि 1898 मध्ये पॅरिसला प्लास व्हाँदोम या चौकात स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. स्वित्झर्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरातलं तेरावं पोर. विजेचे दिवे नवे होते तेव्हा त्याने बायकोला समोर बसवून वेगवेगळ्या रंगांच्या शेड लावून बघितल्या, कुठल्या उजेडात चेहरा चांगला दिसतो ते, आणि फिक्या पीच रंगावर शिक्कामोर्तब केलं. तिथले टॉवेल अजूनही त्याच रंगाचे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं की पाहुण्याला दिवा कसा हवा, आणि मी त्या टॅबलेटशी रात्री साडेबाराला झगडत होतो!

बरं, तुझ्यासाठी. तू आणि वहिनी, दोघांनाही गर्दी नको आणि दोघांनाही सकाळी लवकर जाग येते, म्हणून माझं मत कंडलामाला. खोली तलावाच्या बाजूची माग, लिफ्टपासून लांबची, आणि वेबसाइटवर नुसतं टिक मारून थांबू नकोस, फोन कर, माणसाशी बोल, कशासाठी येताय ते सांग. कुठल्याही मोठ्या हॉटेलात कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्या फुलीसारख्या लावलेला माणूस दिसला तर तो कन्सिअर्ज, म्हणजे पाहुण्यांच्या अडचणी सोडवणारा माणूस, त्यांची संघटना 1929 पासूनची आहे, त्याला काहीही विचारायला लाजू नकोस, त्याचं कामच ते. चारपाच दिवस तरी ठेव. दोन दिवसांत माणूस नुसते स्विच शिकतो.

वहिनींना थंडी झेपत असेल तर मात्र स्वीडनचा विचार कर, मग मला सांग, मी परत येतो. बोर्डिंग सुरू झालं वाटतं, लाइन हलतेय.

तुझाच,
मी

ता. क. कंडलामाच्या खोलीत बाल्कनीचं दार लावून घ्या अशी सूचना आहे, ती वाचून तू हसशील, मीही हसलो होतो. आंघोळीहून बाहेर आलो तेव्हा दार उघडं, फळांचा वाडगा रिकामा, आणि माझ्या चष्म्याची केस समोरच्या झाडावर.